‘मायना हातनी चव’ : मसाल्याच्या पाकिटावरील एका ओळीचे प्रकरण

अमळनेर परिसरात काळा मसाला, शेवभाजीचा मसाला आणि कळण्याचे पीठ तयार करणाऱ्या एका कौटुंबिक उद्योगाने आपल्या काळ्या मसाल्याच्या पाकिटावर अहिराणीतील एक ओळ छापली : ‘मायना हातनी चव’ (आईच्या हातची चव). छापण्यापूर्वी गिऱ्हाइकांना विचारण्यात आले होते आणि जवळपास प्रत्येकाने ती ओळ आवडल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात पाकीट दुकानात पोहोचल्यावर मात्र शेजारी ठेवलेले साध्या मराठी मजकुराचे जुने पाकीट आधी संपू लागले आणि नवे मागे राहू लागले. मसाला तोच, वजन तेच, किंमतही तीच. लोक जे बोलतात आणि जे उचलतात त्यांत अंतर का पडते, आणि ते अंतर मेंदूच्या किंवा शरीराच्या प्रतिसादांवरून ओळखता येते का, हा या प्रकरणाचा विषय आहे.

हे प्रकरण मी माझ्या ग्राहक-वर्तनाच्या वर्गातील चर्चेसाठी लिहिले आहे. उद्योगाची ओळख झाकली आहे. चाचण्यांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत, कारण गट इतका लहान होता की टक्केवारी छापल्यास तिला नसलेले वजन आले असते.

उद्योग चालवणाऱ्या बाईंना गावात सगळे काकू म्हणतात. मसाला भाजण्याचे प्रमाण अजूनही त्याच ठरवतात. विक्री आणि जाहिरात त्यांचा मुलगा पाहतो. अहिराणी ओळ काकूंच्या तोंडची, पण ती पाकिटावर घेण्याचा आग्रह मुलाचा. त्याचे म्हणणे साधे होते : हळदीच्या कार्यक्रमात अहिराणी गाणी वाजल्याशिवाय राहत नाहीत, मोबाइलवर अहिराणी विनोदी चित्रफिती घरोघर पाहिल्या जातात, मग मसाल्यानेच प्रमाण मराठीत का बोलावे? काकूंना शंका होती. लोक ज्या बोलीत नाचतात त्याच बोलीत पाहुण्यांपुढे ताट वाढतात असे नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच म्हटले होते. त्या वेळी ते कोणी फारसे मनावर घेतले नाही, पुढे या कामात आल्यावर मीही नाही.

विचारणारा कोण होता

शरीराच्या प्रतिसादांकडे वळण्यापूर्वी पहिल्या पाहणीकडेच नीट पाहावे लागते. ती मुलाने स्वतः केली होती. ताटलीत मसाल्याचे नमुने आणि हातात दोन पाकिटे घेऊन तो बाजारात उभा राहिला व येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘कोणतं बरं वाटतं?’ असे विचारू लागला. समोर काकूंचा मुलगा उभा आहे, ओळ काकूंची आहे, आणि प्रश्न आपल्या बोलीबद्दलचा आहे, अशा वेळी ‘नाही आवडली’ म्हणणे खानदेशी रीतीला सोडून झाले असते. ज्या घरी भरीत वाढले जाते त्या घरी ते अळणी आहे असे कोणी सांगत नाही, दुसऱ्यांदा घेत नाही इतकेच. लोकांनी उत्तर दिले, ‘हाई आपलंच शे’. या उत्तरात आपलेपणा आहे, पण विकत घेण्याचा शब्द नाही.

बोलणे आणि वागणे यांतील हे अंतर जुनेच आहे. १९३४ साली रिचर्ड लापिएर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने एका चिनी दांपत्याबरोबर केलेल्या प्रवासाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला होता. अडीचशेहून अधिक हॉटेले व खानावळींपैकी केवळ एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. परंतु नंतर पत्राने विचारले असता उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असे कळवले. तेथे शब्द कठोर आणि कृती मवाळ होती, आमच्याकडे नेमके उलट झाले. दोन्हीकडे प्रश्न कोणी आणि कोणत्या प्रसंगी विचारला यावर उत्तर ठरले. माझ्या मते या उद्योगाच्या अडचणीचा अर्धा भाग येथेच सुटत होता, आणि त्याला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती.

उरलेल्या अर्ध्यासाठी मुलगा एका मोठ्या शहरातील जाहिरात सल्लागारांकडे गेला. त्यांनी त्याला मेंदूतील ‘खरेदीचे बटण’ शोधून देण्याचे आश्वासन दिले आणि ग्राहकांचे ९५ टक्के निर्णय नकळत होतात असे सांगितले. हा आकडा अशा सादरीकरणांत हमखास भेटतो. निर्णय मोजण्याचे एककच ठरलेले नसताना टक्केवारी कशाची काढली, हे विचारण्याची सोय त्या सादरीकरणात नसते. शुल्क ऐकून मुलगा परत आला आणि जळगावातील आमच्या महाविद्यालयात, ग्राहक-वर्तन शिकवणाऱ्या माझ्यासारख्याकडे, पोहोचला.

मेंदूची प्रतिमा का घेतली नाही

मुलाच्या मनात मेंदूतील हालचाल टिपणारे एमआरआय यंत्र होते. त्याचे कारणही रास्त होते, कारण या क्षेत्रातील सर्वांत गाजलेला प्रयोग त्याच यंत्रातला आहे. २००४ साली ह्यूस्टन येथील रीड माँटेग्यू यांच्या गटाने कोकाकोला आणि पेप्सी पिणाऱ्यांच्या मेंदूची प्रतिमा घेतली. नाव न सांगता पेय दिले तेव्हा पसंती दोन्हीकडे साधारण सारखी विभागली गेली आणि कपाळामागील मेंदूच्या एका खालच्या-मधल्या भागातील हालचाल त्या पसंतीशी जुळली. कोकाकोलाचे चिन्ह दाखवून पेय दिले तेव्हा मात्र स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस आणि कपाळामागील बाजूचा वरचा भाग यांत वेगळी हालचाल दिसली व पसंतीही सरकली; पेप्सीच्या चिन्हाने तसे झाले नाही. २००८ साली हिल्के प्लासमन आणि सहकाऱ्यांनी वीस जणांना एकच वाइन निरनिराळ्या किमती सांगून चाखवली, तेव्हा महाग म्हणून सांगितलेली वाइन लोकांना अधिक रुचली आणि सुखद अनुभवाशी जोडल्या जाणाऱ्या भागातील हालचालही वाढली. पाकिटावरील मजकूर चवीवर पांघरूण घालतो असे आपण समजतो. या प्रयोगांवरून तो चवीतच मिसळतो असे दिसते.

तरीही आमच्या प्रश्नाला ते यंत्र निरुपयोगी होते. त्यात माणूस आडवा, डोके न हलवता पडलेला असतो, आणि पेय नळीने तोंडात सोडले जाते. काळ्या मसाल्याची शेवभाजी नळीने देता येत नाही. शिवाय ते मेंदूतील चेतापेशींचे काम थेट मोजत नाही. रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणात होणाऱ्या बदलावरून ते अनुमान करते, आणि हा बदल काही सेकंद उशिरा शिखरावर येतो. याहून मोठी अडचण अर्थ लावण्याची आहे. एखादा भाग उजळला म्हणून माणसाच्या मनात अमुक भावना होती असे उलट दिशेने म्हणता येत नाही, कारण एकच भाग अनेक कामांत सहभागी असतो. रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ साली या चुकीवर सविस्तर बोट ठेवले. (२००९ साली काही संशोधकांनी मेलेल्या साल्मन माशाला माणसांची छायाचित्रे ‘दाखवून’ त्याच्याही मेंदूत हालचाल सापडल्याचे मांडले होते. असंख्य बिंदूंची एकाच वेळी तुलना करताना लागणारी दुरुस्ती न केल्यास काय होते, हे त्यांना दाखवायचे होते.)

डोक्यावर पट्टा बांधून मेंदूतील विद्युत्‌लहरी टिपणारे ईईजी यंत्र मात्र उसने मिळाले. ते एका सकाळी वापरले आणि परत केले. विद्युदग्र (लहरी टिपणारी छोटी टोके) टाळूला नीट चिकटावे लागतात; आलेल्या बहुतेक महिलांनी सकाळीच डोक्याला तेल लावलेले होते, आणि यंत्राने लहरींपेक्षा पापण्यांची उघडझापच अधिक नोंदवली. केस धुऊन या असे सांगणे शक्य होते, पण मसाल्याच्या पाकिटासाठी कोणी ते का करावे?

मे महिन्यातला घाम

राहिली त्वचेची विद्युतवाहकता. ही पद्धत स्वस्त, जुनी आणि तत्त्वतः सोपी आहे. मन कोणत्याही कारणाने सावध झाले की अनुकंपी चेतासंस्था तळहातातील घर्मग्रंथींना चेतवते, त्वचेतून वीज किंचित अधिक सहज वाहू लागते, आणि दोन बोटांना लावलेल्या विद्युदग्रांतून हा बदल मायक्रोसीमेन्समध्ये मोजता येतो. चित्र किंवा शब्द दिसल्यानंतर साधारण एक ते तीन सेकंदांत तो उमटू लागतो, आणि तो इच्छेने सहसा दाबता येत नाही.

आम्ही पहिली फेरी मे महिन्यात घेतली. ज्या जळगावात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तेथे घामावर आधारलेली चाचणी मे महिन्यात ठेवणे ही माझी चूक होती. खोलीत कूलर होता. पण कूलर हवा गार करताना ती दमटही करतो, त्यामुळे बोटे कोरडी होईनात आणि मूळ रेषाच इतकी वर राहिली की शब्दांनी उठणारे तरंग तिच्यात बुडून गेले. काकूंच्या सूचनेवरून प्रत्यक्ष भाजी चाखवण्याचाही एक प्रयत्न झाला, तो अधिकच फसला. मिरचीतील कॅप्सेसिन उष्णता जाणवणाऱ्या ग्राहीलाच चेतवते (हा ग्राही शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पुरस्कार विभागून मिळाला), त्यामुळे शरीर ते खरोखरच्या चटक्यासारखे घेते. कपाळावर घाम, नाकात पाणी, नाडी जलद. काळा मसाला ‘मनाला भिडला’ असे यंत्राने प्रत्येकाबाबत सांगितले, आणि ते नंदुरबारच्या कोणत्याही झणझणीत मिरचीबाबतही सांगितले असते.

दुसरी फेरी पावसाळ्यानंतर, वातानुकूलित संगणक कक्षात, काही न चाखवता झाली. पडद्यावर दोन्ही पाकिटे, काही तटस्थ पाकिटे आणि मधूनमधून कोरा पडदा अशा क्रमाने चित्रे दाखवली. या वेळी रेषा स्वच्छ आली, आणि अहिराणी ओळीच्या पाकिटावर ती बहुतेकांच्या बाबतीत स्पष्टपणे अधिक उसळली. मुलगा आनंदला. लोकांना ओळ मनापासून आवडते, तोंडाने सांगितले तेच बोटांनीही सांगितले, मग दोष दुकानदारांचा, असा निष्कर्ष काढून तो नव्या पाकिटांची मोठी छपाई सांगायला निघाला होता.

त्याला थांबवावे लागले. त्वचेची रेषा खळबळ झाली एवढेच सांगते. ती आनंदाची, लाजेची, आश्चर्याची की नवखेपणाची, हे तिला कळत नाही. लग्नात वधूचे नाव पुकारल्यावर आणि वर्गात नापासाचे नाव पुकारल्यावर तिचा चढ एकसारखाच दिसू शकतो. येथेही उलट दिशेने अर्थ लावण्याची तीच चूक होत होती, फरक इतकाच की यंत्र स्वस्त होते.

आपले आणि दर्जेदार

खळबळ कोणत्या दिशेची हे पाहण्यासाठी प्रतिसाद-वेळेची चाचणी घेतली. तिचे मूळ अँथनी ग्रीनवाल्ड, डेबी मॅकगी आणि जॉर्डन श्वार्ट्झ यांनी १९९८ साली मांडलेल्या सुप्त-साहचर्य चाचणीत आहे. पडद्यावर येणारे शब्द दोन कळींनी वेगळे करायचे असतात. मनात ज्या दोन गोष्टी आधीच जोडलेल्या असतात त्या एकाच कळीवर आल्या तर बोट लवकर पडते, नसतील तर किंचित अडखळते. फरक सेकंदाच्या लहानशा अंशाचा असतो. आम्ही एका बाजूला अहिराणी आणि प्रमाण मराठीतील छोटी वाक्ये ठेवली, तर दुसऱ्या बाजूला शब्दांच्या दोन वेगळ्या जोड्या : एकदा ‘आपले–परके’ अशा अर्थाचे, एकदा ‘दर्जेदार–सुमार’ अशा अर्थाचे.

निकाल दोन तोंडांचा आला. ‘आपले’ या गटाबरोबर अहिराणी वाक्ये झटकन जोडली गेली. ‘दर्जेदार’ या गटाबरोबर तीच वाक्ये आली की बोटे रेंगाळली. म्हणजे एकाच माणसाच्या मनात बोलीविषयी एक सुप्त कल नव्हता. निदान दोन होते, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढत होते. पहिल्या पाहणीने त्यातला एकच विचारला होता.

या निकालावर सर्वांत धारदार आक्षेप आमच्याच एका विद्यार्थिनीने घेतला. अहिराणी आपण ऐकतो आणि बोलतो, वाचत नाही; शाळेत शिकलेली अक्षरओळख सगळी प्रमाण मराठीची. तेव्हा बोट अडखळले ते दर्जाच्या शंकेने की केवळ वाचायला वेळ लागल्याने? ‘आपले’ या गटात ती जलद वाचली गेली हे उत्तर पुरेसे नव्हते, कारण दोन्ही चाचण्यांचा क्रम सर्वांसाठी सारखाच ठेवण्याची गफलत आमच्याकडून झाली होती.

म्हणून शेवटची चाचणी कानाची ठेवली. तिचा नमुना माँट्रियलचा आहे. १९६० साली वॉलेस लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी दोन्ही भाषा अस्खलित बोलणाऱ्यांकडून एकच उतारा इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वाचून घेतला आणि आवाज निरनिराळ्या माणसांचे आहेत अशा समजुतीने तो विद्यार्थ्यांना ऐकवला. इंग्रजीतील त्याच आवाजाला अधिक गुण मिळाले, आणि ते फ्रेंच मातृभाषा असलेल्यांकडूनही. आम्ही पारोळ्याकडील एका शिक्षिकेकडून मसाल्याची एकच माहिती अहिराणीत आणि प्रमाण मराठीत म्हणवून घेतली आणि मध्ये इतर आवाज मिसळले. ऐकणाऱ्यांनी अहिराणीतील बाईला मायाळू, प्रामाणिक, चांगला स्वयंपाक करणारी ठरवले. मराठीतील बाईचा मसाला त्यांना ‘स्वच्छ’ आणि ‘कारखान्यात तपासलेला’ वाटला. दोघी एकच आहेत हे नंतर कळल्यावर काही जण हसले, काही ओशाळले. वाचनाची अडचण काढून टाकल्यावर फरक कमी झाला, पण गेला नाही.

एक गोष्ट निवडीच्या वेळीच ध्यानात यायला हवी होती. खानदेश म्हणजे सगळा अहिराणी असे नव्हे. यावल, रावेर, भुसावळ या पट्ट्यात लेवा गणबोली बोलणारी घरे मोठ्या संख्येने आहेत; अहिराणीचा पगडा अमळनेर, पारोळा, धुळे, शिरपूर या बाजूला. जळगावच्या महाविद्यालयात दोन्हीकडचे लोक सहज मिळतात म्हणून आम्ही ते एकत्र घेतले. पुढे वेगळे करून पाहिले तर पूर्वेकडच्यांचा ‘आपले’ हा प्रतिसाद पुष्कळ फिका होता, आणि ते स्वाभाविकच होते. ती त्यांची बोली नव्हतीच.

संमतीबाबत थोडे. चाचणीला बसलेल्या एका बाईंनी बोटांना वायर लावताच विचारले, ‘डोक्यात काय चाललंय ते याला समजतं का?’ समजत नाही, हे प्रामाणिक उत्तर होते, पण तेवढ्यावर भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या विद्युत्‌लहरींच्या चाचण्या संमतीशिवाय कोणावरही करता येणार नाहीत असा निर्णय दिला. तो खटला गुन्ह्यांच्या तपासातून उभा राहिला होता. बाजारातल्या चाचणीला सक्ती नसते, पण ओळखीतल्या काकूंसाठी बसलेल्या माणसालाही उठून जाणे अवघड जाते. म्हणून प्रत्येकाला नोंद पुसून घेण्याची मुभा दिली, आणि या बाईंनी ती वापरली.

काय ठरले

चाचण्यांचे निकाल घेऊन आम्ही काकूंच्या ओट्यावर बसलो तेव्हा त्यांनी पाकिटांपेक्षा गिऱ्हाइकांचे प्रसंग विचारायला सुरुवात केली. अर्धा किलोचे पाकीट घरात डब्यात रिकामे होते आणि फेकले जाते. ते कोणी पाहत नाही. छोटे पाकीट पुण्याला शिकणाऱ्या मुलाच्या पिशवीत जाते, जावयाबरोबर जाते, शेजारणीला दाखवले जाते. दुकानातून मिळालेली कच्ची माहिती याच बाजूने होती : मागे राहिलेली अहिराणी पाकिटे मुख्यतः छोटी होती. दुकानात एकट्या आलेल्या बाईने कोणते उचलले आणि सोबत कोणी असताना कोणते, हे दोन दुकानदारांनी काही दिवस वहीत टिपून दिले होते. टिपणाऱ्याला आपण काय शोधतो हे ठाऊक असल्यामुळे त्या वहीवर मी फार भार टाकणार नाही. पण तीही वेगळे काही सांगत नव्हती.

मुलाने त्या बैठकीत सुरतेचा मुद्दा काढला. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून गेलेली असंख्य कुटुंबे राहतात, आणि तिकडून आलेली मागणी नेमकी अहिराणी पाकिटाची होती. तेथे ती ओळ शेजारच्या गुजराती पाटीपुढे उभी राहते. तिची तुलना प्रमाण मराठीशी होतच नाही. ‘दर्जेदार’ कोण हा प्रश्न ज्याच्या शेजारी ठेवून विचारला जातो त्यावर अवलंबून असेल, तर आमच्या प्रतिसाद-वेळेच्या चाचणीने बोलीविषयीचा कल मोजला की केवळ आम्ही निवडलेली जोडी मोजली, याचे उत्तर जळगावच्या संगणक कक्षात मिळणारे नव्हते.

काकूंनी निर्णय तीन भागांत दिला. अर्धा किलोच्या पाकिटावर ओळ पुढच्या बाजूला राहील. छोट्या पाकिटावर समोर मराठी मजकूर, अन्न सुरक्षा परवाना क्रमांक ठळक आणि अहिराणी ओळ मागे, भाजीच्या कृतीच्या डोक्यावर. सुरतेला जाणारा माल जसा आहे तसाच. मुलाने छोट्या पाकिटासाठी अजून एक पर्याय मागितला आहे : ओळ समोरच ठेवायची, पण तिच्याखाली भट्टी आणि तपासणी-खोलीचे छायाचित्र द्यायचे, म्हणजे माया आणि स्वच्छता एकाच बाजूला येतील. त्याची चाचणी हिवाळ्यात घ्यायची ठरली आहे. अमळनेर आणि सुरत येथील गट वेगळे असतील, क्रम उलटसुलट ठेवला जाईल, आणि विचारायला काकूंच्या घरातले कोणी जाणार नाही.